लक्ष्मणराव किर्लोस्कर : सायकलच्या दुकानातून निघालेला उद्योगाचा रस्ता

रंगांनी साथ दिली नाही म्हणून यंत्रचित्रांकडे वळलेला, बढती नाकारली गेली म्हणून नोकरी सोडलेला आणि जागा रिकामी करावी लागली म्हणून माळरानावर गाव वसवणारा हा उद्योजक. चढ आला की गिअर बदलायचा, पण पाय थांबवायचे नाहीत, हे सायकलस्वाराचे शहाणपण लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या आयुष्यात पावलोपावली दिसते.

कुरुंदवाड : येथून नृसिंहवाडी, शिरोळ किंवा जयसिंगपूरच्या दिशेने सायकलवर निघालेल्या माणसाला गिअरची आठवण सहसा होत नाही. कृष्णा आणि पंचगंगेच्या गाळाने घडलेला हा काळ्या मातीचा सपाट मुलूख. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर चढ असा जाणवतच नाही. दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, शाळकरी मुले आणि बाजारची पिशवी या सगळ्यांचा भार इथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच गिअरच्या काळ्या सायकलने वाहिला. वाऱ्याचा विरोध आणि कॅरिअरवरचे ओझे एवढ्याच काय त्या अडचणी.

अलीकडच्या काळात मात्र शहरांप्रमाणे या पट्ट्यातही अठरा-एकवीस गिअरच्या सायकली दिसू लागल्या. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला. गिअर नेमका किती वेळा बदलायचा? काही जण खटके दाबत राहतात, तर काही जण वर्षभर एकाच गिअरवर सायकल चालवतात. या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. त्याचे उत्तर रस्ता देतो. हीच गोष्ट यंत्रांच्या आणि उद्योगाच्या बाबतीत ज्यांच्या आयुष्यातून शिकता येते, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या कारकिर्दीचा प्रारंभ सायकलच्याच दुकानाने झाला होता. ते दुकान कुरुंदवाडपासून शंभरेक किलोमीटरवर बेळगावात होते आणि त्यातून पुढे उभे राहिलेले किर्लोस्करवाडी हे गाव इथून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे.

रंगांनी बदललेली वाट

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरातील वातावरण परंपरेचे आणि विद्येचे. अशा घरातील मुलाने इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरावी किंवा वकिली करावी, हा त्या काळचा राजमार्ग. लक्ष्मणरावांचे मन मात्र पुस्तकी अभ्यासात रमले नाही. त्यांचा ओढा दोनच गोष्टींकडे होता, चित्रे काढणे आणि हाताने काहीतरी बनवणे. थोरल्या भावांच्या आधाराने १८८५ मध्ये ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे दोन वर्षांत एक अनपेक्षित अडचण उघड झाली. त्यांना काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नव्हता. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असणार? पण रेषेवरचा त्यांचा हात पक्का होता आणि यंत्रांच्या आराखड्यांना रंगांची गरज नसते. त्यांनी रंगाची पेटी बाजूला ठेवून यंत्रचित्रांचा अभ्यास सुरू केला.

कुरुंदवाडच्या वाचकाला इथे आपल्याच गावचा एक समकालीन आठवल्याशिवाय राहणार नाही. लक्ष्मणरावांहून तीन वर्षांनी लहान असलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडात झाला. बालपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, शाळेचा मार्ग खुंटला आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेले. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दक्षिण महाराष्ट्रातल्या दोन घरांतील दोन मुलांना डोळ्यांनी ठरलेल्या वाटेवरून खाली उतरवले आणि दोघांनीही दुसरी वाट आपल्या बळावर रुंद केली. एकाने संगीत शिक्षणाची, तर दुसऱ्याने कारखानदारीची.

मुंबईत नोकरी, बेळगावात दुकान

यंत्रचित्रांत तरबेज झाल्यावर लक्ष्मणरावांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. वर्गात चित्रे शिकवून ते थांबले नाहीत. मोकळ्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रे उघडणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा जोडणे हा त्यांचा छंद बनला. अमेरिकेतून येणारी तांत्रिक नियतकालिके ते बारकाईने वाचत. पदवीचे शिक्षण नसलेल्या या शिक्षकाची अभियांत्रिकी अशी कार्यशाळेत आणि मासिकांच्या पानांत पुरी झाली.

मुंबईच्या रस्त्यांवर त्या काळी सायकल नवलाची वस्तू होती. दोन चाकांवर तोल सांभाळत जाणारा माणूस पाहायला लोक थबकत. लक्ष्मणरावांना त्या तोलापेक्षा त्या यंत्राचे अधिक आकर्षण वाटले असावे. ते सायकल चालवायला शिकले आणि त्यातला धंदाही त्यांनी ओळखला. मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवायच्या आणि तेथे बंधू रामूअण्णा यांनी त्या विकायच्या, अशी व्यवस्था ठरली. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने १८८८ मध्ये सुरू झालेला हा व्यवहार म्हणजे पुढच्या साऱ्या उद्योगसमूहाचे मूळ. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो बेळगावात पुढे किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जाऊ लागला.

सायकल तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. तिची किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात असे, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नोंदवलेले आहे. गिऱ्हाईक म्हणजे छावणीतले अधिकारी, वकील, डॉक्टर आणि सधन हौशी मंडळी. सायकल घेतली तरी ती चालवायची कशी, हा प्रश्न उरेच. त्यामुळे दुकानाला शिकवणीची जोड होती. पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायला शिकवले जाई. वस्तू विकायची असेल तर ती वापरायला शिकवावी लागते, हा धडा या दुकानाने दिला. पुढे नांगर विकताना तो कामी आला.

साखळी आणि दातेरी चक्रे

तो काळ सायकलच्या इतिहासातही मोठ्या उलथापालथीचा होता. इंग्लंडमधील कोव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये रोव्हर ही सायकल आणली. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले ही जुनी रचना मागे पडून दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची झाली आणि पेडलची शक्ती साखळीने मागच्या चाकाला मिळू लागली. बेळगावचे दुकान सुरू झाले त्याच १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आजची सायकल मूलतः याच तीन-चार वर्षांत घडली.

साखळी आल्याने एक नवी सोय झाली. उंच चाकाच्या सायकलमध्ये पेडल थेट चाकाला जोडलेले असे, त्यामुळे वेग वाढवायचा तर चाक मोठे करावे लागे. आता पुढच्या आणि मागच्या चक्रांच्या दात्यांचे प्रमाण बदलले की तेच काम होऊ लागले. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे पावणेतीन वेळा फिरते. अठ्ठावीस इंची चाकाची सायकल त्यात सुमारे सहा मीटर पुढे जाते. मागचे चक्र ३२ दात्यांचे केले तर तेच अंतर सव्वातीन मीटरच्या आसपास येते. अंतर घटते, पण पायावरचा भारही तितकाच हलका होतो. यंत्र फुकट काहीच देत नाही. ते वेग घेऊन जोर देते किंवा जोर घेऊन वेग देते, एवढेच.

हे प्रमाण धावत्या सायकलवर कसे बदलावे, या ध्यासाने ज्याने आयुष्य वेचले, तो फ्रान्सचा पॉल द व्हिव्ही हा गृहस्थही लक्ष्मणरावांप्रमाणेच दुकानदार होता. रेशमाचा व्यापार सोडून त्याने १८८७ मध्ये सेंट एतिएन या शहरात सायकलचे दुकान थाटले आणि सायकलींविषयी मासिकही सुरू केले. व्हेलोसिओ या टोपणनावाने तो लिहीत असे. गावाजवळच्या डोंगरावर स्वतः सायकल चालवून त्याने वेगवेगळ्या गिअरचे प्रयोग केले आणि चढ-उताराच्या प्रवासाला एकाहून अधिक गिअर आवश्यकच आहेत, असा आग्रह धरला. त्याला विरोधही तितकाच झाला. टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आन्री देग्रांज यांच्या दृष्टीने गिअर ही वय झालेल्यांची सोय होती. खऱ्या शर्यतपटूने पायांच्या बळावर डोंगर जिंकावा, अशी त्यांची धारणा होती. त्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर सर्वांना खुले व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. व्हेलोसिओ ते पाहायला नव्हता. १९३० मध्ये ट्रामच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

बेळगावच्या दुकानातील सायकलींना असे गिअर नव्हते. इतकेच नव्हे, तर उतारावर पाय स्थिर ठेवून सायकल सोडून देण्याची सोयही त्या वेळच्या सायकलींना नव्हती. चाक फिरले की पेडल फिरणारच. सायकलस्वाराला गिअर बदलायचा असेल तर तो आपल्या शरीरातच बदलावा लागे. चढावर उभे राहायचे, नाहीतर खाली उतरून सायकल ढकलायची.

गिअर बदलण्याची वेळ

आज गिअर हाताशी आहेत आणि तरीही त्यांचा वापर अनेकांना जमत नाही. जाणकारांचा नियम साधा आहे. पायांची गती शक्यतो एकसारखी ठेवायची आणि रस्ता बदलला की गिअर बदलायचा. बहुतेक सरावाचे सायकलस्वार मिनिटाला साठ ते नव्वद फेऱ्यांच्या दरम्यान पेडल फिरवतात. पाय जड पडू लागले की हलका गिअर घ्यायचा आणि पाय मोकळेच फिरू लागले की जड. चढ लागल्यावर नव्हे, तर चढ लागण्याच्या किंचित आधी गिअर बदलायचा, कारण पेडलवर पूर्ण जोर असताना साखळी सहज सरकत नाही. ती करकरते, अडखळते, प्रसंगी निसटते.

त्यामुळे कुरुंदवाड ते जयसिंगपूर या रस्त्यावर दोन-चार वेळा गिअर बदलला तरी पुरे. सिग्नल, पूल, समोरून येणारा वारा किंवा ट्रॅक्टरच्या मागे कमी करावा लागलेला वेग एवढीच कारणे. तोच माणूस गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात गेला की वळणावळणाला त्याचा हात खटक्यावर जातो. दोघांपैकी कोणाचेच चुकत नाही. चुकते ते दोनच प्रकारच्या लोकांचे. रस्ता बदलला तरी हट्टाने गिअर न बदलणाऱ्यांचे, आणि रस्ता तोच असताना उगाच गिअर बदलत राहणाऱ्यांचे.

लक्ष्मणरावांच्या पुढच्या पन्नास वर्षांकडे पाहताना हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी अनेक धंदे केले, पण चंचलपणाने नव्हे.

नोकरीचा राजीनामा आणि लोखंडी नांगर

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना बढतीची न्याय्य अपेक्षा होती. ती डावलून अँग्लो-इंडियन उमेदवाराला जागा देण्यात आली. गोऱ्या कातडीला मिळणारे हे झुकते माप त्यांना सहन झाले नाही. १८९७ मध्ये राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. संसार होता, हाती भांडवल नव्हते आणि परतीचे दोर कापलेले होते. सायकलींची विक्री आणि दुरुस्ती, सॅमसन पवनचक्क्यांची एजन्सी असे व्यवहार करत त्यांनी एक छोटी कार्यशाळा उभी केली.

दुसऱ्याचा माल विकण्यात मर्यादा आहेत, हे त्यांना लवकरच उमगले. आपल्या भागाला काय हवे याचा शोध घेताना त्यांची नजर शेतावर गेली. त्यांनी तयार केलेले पहिले महत्त्वाचे उत्पादन म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. बैलापुढे अख्खा कडबा टाकला की त्यातला बराचसा तुडवला जाऊन वाया जातो. तो बारीक कापून दिला की वैरण वाचते. दुष्काळाचे चटके सोसलेल्या प्रदेशात या बचतीची किंमत मोठी होती. अशा यंत्रात एक हात चाक फिरवतो, दातेरी चक्रे कडबा पुढे सरकवतात आणि पाती तो कापते. माणसाचे तेच बळ चक्रांच्या मदतीने वेगळ्या कामाला जुंपायचे, हे सायकलचेच तत्त्व इथे गोठ्यात आले होते.

त्यापाठोपाठ लोखंडी नांगर आला आणि खरी कसोटी सुरू झाली. लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर खोलवर जाऊन माती पलटतो. काळ्या, चिकट जमिनीतील हरळी आणि कुंदा मुळासकट निघतो. फायदा उघड होता. पण लोखंडाने जमिनीला विष चढते, तिचा कस जातो, अशी पक्की समजूत शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षे गेली. तयार माल पडून, पैसा अडकलेला आणि गिऱ्हाईक फिरकत नाही, अशा वेळी बहुतेकांनी धंदा बदलला असता. लक्ष्मणरावांनी तो बदलला नाही. दोष नांगरात असेल तिथे नांगर सुधारला आणि समजुतीत असेल तिथे नांगर शेतात चालवून दाखवण्यावर भर दिला. सायकल शिकवणारा माणूस आता नांगर शिकवत होता. हळूहळू शेजारच्याचे पीक पाहून शेतकरी येऊ लागले.

गिअर कधी बदलायचा याइतकेच तो कधी बदलायचा नाही हेही कळावे लागते. नांगराच्या बाबतीत लक्ष्मणरावांना ते कळले होते.

जागा गेली, गाव वसले

धंदा मार्गी लागत असतानाच नवे संकट आले. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी असल्याने ती रिकामी करण्याची सूचना बेळगाव नगरपालिकेने दिली. यंत्रे, भट्ट्या, कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन जायचे कुठे? शहरात दुसरी जागा घेण्याइतका पैसा नव्हता.

या अडचणीत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलांचे मर्मज्ञ. औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते आणि त्यातून दोघांचा स्नेह जुळला होता. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, कुरुंदवाड, औंध अशा लहानमोठ्या संस्थानांनी हा सारा टापू व्यापलेला होता. यांपैकी अनेकांनी गवयांना, मल्लांना, पंडितांना आश्रय दिला. औंधने त्या यादीत कारखानदाराची भर घातली.

जमीन मात्र पाहण्यासारखी नव्हती. निवडुंगाची रानेच्या राने, सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. १९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि पंचवीस कामगार कुटुंबांसह तेथे उतरले. आधी निवडुंग तोडायचा, मग झोपड्या उभारायच्या आणि त्यातच कारखान्याचे शेड. पहिली रात्र तंबूत, असे म्हणण्याइतकीही चैन तेथे नव्हती. बेळगावची भट्टी विझली होती आणि इथली पेटायची होती. पायांची गती मात्र थांबली नाही. काही महिन्यांतच नांगर पुन्हा तयार होऊ लागले.

लक्ष्मणरावांच्या मनात केवळ कारखाना नव्हता. परदेशांतील औद्योगिक वसाहतींविषयी त्यांनी वाचले होते. कामगाराला नीट घर, स्वच्छ पाणी, मुलांना शाळा, झाडे आणि मोकळी हवा मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. रामूअण्णांनी गावाची आखणी आणि कारभार सांभाळला. शंभोराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत, मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळत. शाळेच्या परीक्षेत मागे पडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक यंत्रज्ञ ठरले. प्रमाणपत्राऐवजी माणसाच्या हातातले काम पाहण्याची लक्ष्मणरावांची रीत होती. स्वतःलाही त्यांनी कधी पदवीच्या तराजूत तोलले नव्हते.

याच रीतीचा सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी गावाच्या राखणीचे काम दिले. ज्यांच्यापासून लोक दारे लावून घेत, त्यांच्या हाती दारांची राखण आली आणि त्यांनी ती इमानाने केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक होता. १९१० च्या दशकातील ग्रामीण महाराष्ट्राची कल्पना असलेल्यांना या नियमाचे मोल सांगायला नको.

टंचाईतला चढ

पहिल्या महायुद्धाने आणखी एक चढ पुढे आणला. परदेशातून येणारे लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाला. आयात नांगरही थांबले, त्यामुळे किर्लोस्कर नांगराला मागणी होती पण कच्चा माल नव्हता. या काळात छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील निकामी तोफा नांगरांसाठी दिल्या, असे या भागात आजही सांगितले जाते. तोफांचे नांगर झाले ही गोष्ट लोकांना इतकी प्रिय का झाली असावी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याच्या मालाची माहिती देण्याच्या निमित्ताने एक नियतकालिक सुरू केले. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक घडले आणि पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचकाला तीन मासिके मिळाली, हा योग जगात विरळाच.

उत्पादनांची यादीही बदलत्या गरजांप्रमाणे वाढत गेली. भुईमुगाच्या शेंगा फोडणारे यंत्र, उसाचे चरक, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर. कोल्हापूरच्या गूळपट्ट्यात लोखंडी चरकाचे महत्त्व फार. लाकडी घाण्यातून उसात बराच रस शिल्लक राही. लोखंडी चरकात रूळ दातेरी चाकांनी एकमेकांत गुंतलेले असतात, बैल संथ चालतात आणि त्या संथ चालीचा प्रचंड दाब उसावर पडतो. सायकलवर वेगासाठी वापरलेले चक्र इथे जोरासाठी वापरले जाते. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून १९२६ मध्ये परतले आणि कारखान्याला प्रशिक्षित अभियंता मिळाला. स्वयंशिक्षित पित्याने मुलाला पदवीसाठी सातासमुद्रापार पाठवले, यात विसंगती नव्हती. रस्ता आता वेगळा होता आणि त्याला वेगळा गिअर लागणार होता. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिन आणि बंगळूरला विद्युत यंत्रांचा कारखाना असा पुढचा विस्तार झाला. उसाच्या आणि बागायतीच्या पट्ट्यात पंप आणि इंजिन घरोघरी परिचयाचे झाले.

राखेतून पुन्हा

महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीतून किर्लोस्करवाडीही सुटली नाही. ज्या गावाने जातपात न मानता माणसे जोडली, त्याच्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभराची उभारणी अशी भस्म होताना पाहणे हा त्यांच्या वाटेवरचा सर्वांत कठीण चढ म्हणावा लागेल. कारखाना पुन्हा उभा राहिला, पंप पुन्हा तयार होऊ लागले आणि गावाने आपला स्वभाव सोडला नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. योगायोग असा, की ते गेले त्याच वर्षी लुधियानात हीरो सायकल कंपनी स्थापन झाली. ज्या वस्तूसाठी १८८८ मध्ये बेळगावच्या वकिलाला शेकडो रुपये मोजावे लागत, ती पुढच्या काळात देशातल्या मजुराच्या आणि शाळकरी मुलीच्या हाती आली. सायकल श्रीमंतांच्या हौसेची राहिली नाही आणि लोखंडी नांगर संशयाची वस्तू राहिला नाही. दोन्हींच्या मागे तोच प्रवास आहे. आधी नवल, मग भीती, मग सवय.

तोल आणि गती

लक्ष्मणरावांच्या चरित्राचा गौरव करताना बहुधा त्यांच्या जिद्दीचा उल्लेख होतो. तो योग्यच आहे, पण अपुरा आहे. जिद्द एकाच गिअरवर घाट चढू पाहणाऱ्या माणसाकडेही असते. तो थोड्याच वेळात धापा टाकतो किंवा गुडघे दुखवून घेतो. लक्ष्मणरावांकडे जिद्दीच्या जोडीला रस्त्याचे भान होते. रंग जमत नाहीत हे मान्य करून त्यांनी रेषा धरली. विक्रीची मर्यादा दिसताच उत्पादन सुरू केले. बेळगाव सुटले तेव्हा आक्रोश न करता कुंडलचा माळ गाठला. आणि जिथे गिऱ्हाईक येत नव्हते तरी वस्तू योग्य होती, त्या नांगराच्या बाबतीत त्यांनी दोन वर्षे तग धरला. किती वेळा वाट बदलली हे मोजले तर चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी आधीच्या टप्प्यावर शिकलेले पुढच्या टप्प्यावर उपयोगी आले.

आपल्या भागातील तरुणांपुढेही आज असेच प्रश्न आहेत. शेतीचे तुकडे झालेले, ऊस बेभरवशाचा, २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णा-पंचगंगेकाठची गावे पुनःपुन्हा हलवून सोडलेली. नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठावी की गावातच काही उभारावे, या विवंचनेत असलेल्यांना किर्लोस्करवाडी पन्नास-साठ किलोमीटरवर आहे हे ठाऊकही नसते. कुंडल रोड स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. मिरजेहून पुण्याकडे जाणारी गाडी तिथून जाते. खिडकीतून दिसणारी झाडी एके काळी निवडुंगाचे रान होती, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

सायकलला उभे राहण्यासाठी गती लागते. थांबली की तिचा तोल जातो. पण ती गती टिकवायची असेल तर चढाला चढासारखे आणि सपाटीला सपाटीसारखे चालवावे लागते. बेळगावच्या एका दुकानात सायकल शिकवणाऱ्या माणसाला हे कळले होते. त्याच्या सायकलला एकही जादा गिअर नव्हता.